आज्जीच्या बंबाचा लिलाव

वर्डप्रेसवर (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) जुन्या वस्तू विकायची साइट काढली म्हणून त्यात लिलावाचं प्लगिन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, टाकलं, आणि टेस्टिंगला हाताशी काय होतं तर न्हाणीतला आज्जीचा तांब्याचा बंब. फोटो काढला, सुरुवात १०० रुपये, बोली १०-१० नं वाढणार, संध्याकाळी ५ ला बंद. 'टेस्ट१' आणि 'टेस्ट२' अशी स्वतःचीच दोन खाती काढून पहिल्याला ५,००० ची मर्यादा दिली, दुसऱ्याला ४,००० ची, ऑटो-बिड (मर्यादेपर्यंत आपोआप बोली वाढवणारं) चालू केलं नि रिफ्रेश मारलं तर बंब डायरेक्ट ४,०१० वर! माझ्याशी मीच भांडलो, वर 'तुमची बोली मागे पडली' हा मेल पण मलाच. मग 'दिसतंय का बघा' म्हणून लिंक घरच्या ग्रुपवर टाकली. हीच चूक.

५ वाजले तरी लिलाव मिटेना. साडेपाच तास शिल्लक दाखवतोय. नंतर कळलं, वर्डप्रेसचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर, राहिलंय, इथं कोल्हापुरात राजारामपुरीत ५ म्हणजे त्याच्या लेखी अजून साडेअकरा. म्हटलं होईल साडेदहाला बंद, आणि गंगावेशीत दूध प्यायला गेलो.

सकाळी ७ ला साइट उघडली आणि त्या क्षणाला लिलाव बंद झाला. रात्रभर नाही! कारण वर्डप्रेसची ठरलेल्या वेळेची कामं कुणीतरी साइटवर आल्याशिवाय सुरूच होत नाहीत. बाबांना हे सांगितलं. अख्खा जन्म मार्केट यार्डात अडत दुकानात, म्हणजे सौद्यावर दलाली (अडत) घेणाऱ्या दुकानात, दिवाणजी होते ते.

"म्हंजे गिऱ्हाईक आल्याबिगर दुकान मिटत न्हाई व्हय रं? गुळाचं सौदं असं केलं असतं तर रवं पाघळून गेलं असतं की."

तेवढ्यात मेल. बंब ५,०१० ला गेला. घेणार, गडहिंग्लजची आत्या.

फोन लावला. "आत्या, अगं टेस्टिंग होतं ते."

"टेस्टिंग-बिस्टिंग मला सांगू नगंस. आईचा बंब परक्याच्या घरात जाऊ दे व्हय? आणि त्यो मेला टेस्ट१ कोण हाय रं? मी धा वाढीवलं की लगीच त्यो धा वाढीवतोय, पन्नासदा बटाण दाबलं, बोट सुजलंय माझं. पर सोडला न्हाई त्येला."

काय सांगणार, तो मेला मीच.

दुपारच्या यष्टीनं आत्या आली, पिशवीत रोख ५,०१० मोजून, वरचे १० सुट्टे. बाबांनी मला कोपऱ्यात घेतलं. "अडत लावलीस न्हवं?"