साठ ते ऐंशी 'सर्वाधिक उत्पादक'? त्या फॉरवर्डची उलटतपासणी

ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर गेली काही वर्षं फिरतो आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानुसार म्हणे माणसाचा सर्वाधिक उत्पादक काळ ६० ते ७० वर्षांचा, त्याखालोखाल ७० ते ८० चा, आणि ५० ते ६० चा तिसरा. पुरावा म्हणून सरासरी वयं दिली आहेत: नोबेल विजेते ६२, मोठ्या कंपन्यांचे प्रमुख ६३, पोप ७६. आधार 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन', ७०, ३८९ (२०१८), म्हणजे खंड ७०, पान ३८९. शेवटी, साठी ओलांडलेल्या मित्रांना पाठवा, त्यांना आपल्या वयाचा अभिमान वाटू द्या. पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल तक्रार नाही. मजकुराबद्दल आहे.

आधी आधार. या नियतकालिकाचे २०१८ चे खंड ३७८ आणि ३७९ आहेत. सत्तरावा खंड दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचा. म्हणजे दिलेल्या पत्त्यावर घरच नाही. पण हा मुद्दा इथेच सोडतो, कारण आधार खोटा निघाला तरी लोक म्हणतात, "असू दे हो, म्हणणं तर बरोबर आहे ना?"

तर म्हणणं पाहू. नोबेल मिळतं तेव्हाचं सरासरी वय साठीच्या आसपास असतं, हे साधारण खरं. पण ते बक्षीस मिळण्याचं वय, काम करण्याचं नव्हे. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३० साली मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले तेव्हा १९ वर्षांचे होते. श्वेत बटू ताऱ्यांच्या वस्तुमानाला मर्यादा असते, हे गणित त्यांनी त्या प्रवासात मांडायला घेतलं. नोबेल आलं १९८३ साली, वयाच्या ७३ व्या वर्षी. हिग्ज बोसॉन या मूलकणाचं भाकीत करणारा पीटर हिग्ज यांचा निबंध १९६४ चा, नोबेल २०१३ चं. मधली जवळजवळ पन्नास वर्षं त्यांच्या मेंदूने नाही, तो कण शोधणाऱ्या जिनिव्हाजवळच्या प्रयोगयंत्राने घेतली. अपवाद आहेतच. लिथियम-आयन बॅटरीसाठी नोबेल मिळवणारे जॉन गुडइनफ यांचं निर्णायक काम सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या सुमाराचं, आणि पुढेही ते प्रयोगशाळेत जात राहिले. अपवादाचा आनंद घ्यावा, त्याची सरासरी काढू नये.

पोपचं उदाहरण तर फॉरवर्ड लिहिणाऱ्यावरच उलटतं. पोप म्हातारे असतात कारण त्यांना निवडणारे वरिष्ठ धर्मगुरू, म्हणजे कार्डिनल मंडळी, मुरलेल्या माणसालाच निवडतात. त्याच चर्चमध्ये बिशपाने ७५ व्या वर्षी राजीनामा सादर करायचा असतो, आणि ८० पूर्ण झालेल्या कार्डिनलला पोपच्या निवडणुकीत मत नसतं. २०१३ साली सोळावे बेनेडिक्ट ८५ व्या वर्षी पायउतार झाले, ते शरीराची आणि मनाची ताकद उरली नाही असं जाहीरपणे सांगून. मला तरी त्यात फॉरवर्डपेक्षा जास्त मोठेपणा दिसतो.

कंपन्यांच्या प्रमुखांबद्दल एवढंच, की शिखरावर पोचलेले मोजले आणि पायथ्याशी घरी पाठवलेले मोजलेच नाहीत.

मेंदूबद्दल खरं काय ते सांगायला हवं, कारण फॉरवर्डला तिथे थोडा आधार आहे. शब्दसंपदा आणि अनुभवातून आलेली समज साठीपर्यंत, कधी पुढेही, वाढत राहते. नवं झटपट उमगण्याचा वेग मात्र तारुण्यातच उतरू लागतो. दोन्ही एकाच डोक्यात चालू असतं. 'सर्वाधिक' हा शिक्का त्यावर बसत नाही.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. हे फॉरवर्ड धरून चालतं, की निवृत्त माणसाला आपली क्षमता संपल्याचं दुःख असतं. तसं नसतं. राज्य सरकारचा अधिकारी 'नियत वयोमानानुसार' ५८ ला बाहेर पडतो आणि त्याच्याच कार्यालयातला शिपाई ६० ला. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६२ ला, सर्वोच्च न्यायालयाचे ६५ ला. ही वयं मेंदूने ठरवलेली नाहीत, नियमाने ठरवलेली आहेत, आणि ते प्रत्येक निवृत्ताला ठाऊक असतं. त्याला टोचतं ते हे, की महिन्याच्या शेवटच्या दिवशी शाल-श्रीफळ घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या सहीसाठी कोणी थांबत नाही. साताऱ्याकडचे कितीतरी जवान पस्तीस-चाळिशीतच पेन्शनीवर गावी आलेले आहेत. त्यांच्या क्षमतेबद्दल कोणाला शंका असते? तरी पलटण सुटल्यावर 'आता मी कोण' हा प्रश्न त्यांनाही पडतोच. त्यावर "तुम्ही अजून उत्पादक आहात" हे उत्तर नव्हे. उलट ज्या मापाने नोकरीभर मोजलं, तेच माप पुन्हा हातात देणं झालं.

आणि साठीनंतर राबणारे सगळे हौसेने राबतात असंही नाही. एसटी किंवा साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्यांची पेन्शन ईपीएस-९५ मधली, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेतली, आणि तिची किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपये. अडुसष्टाव्या वर्षी सोसायटीच्या गेटवर रात्रपाळी करणाऱ्याला हा 'आयुष्याचा सर्वोत्तम काळ' असल्याचं पाठवून बघा.

मित्राला काही पाठवायचंच असेल तर काम पाठवा. निवृत्त लेखापालाला सोसायटीच्या ताळेबंदात काय चुकलंय ते विचारा. बांधकाम खात्यातल्या उपअभियंत्याला गच्चीची गळती दाखवा. तो आधी आढेवेढे घेईल, मग दोन तास बोलेल. मानधन आधी ठरवा, आणि तो नको म्हणाला तर तेही चालेल.