‘दोन्ही डोळे एकदमच उरका’ या मेसेजला उत्तर

थंडीची चाहूल लागली की नागपुरातल्या फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. परदेशात मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन्ही डोळ्यांचं एकाच दिवशी करतात, आपल्याकडचे डॉक्टर दोनदा बिल लावायला दोनदा बोलावतात. इन्फेक्शन वगैरे आता होत नाही. एकदम करून घेणारे पेशंट जास्त समाधानी असतात, हे सिद्ध झालंय. आणि उन्हाळ्यात डोळ्याला हात लावायचा नाही, म्हणून थंडीतच दोन्ही उरकून मोकळे व्हा. खाली ‘तुमच्या डॉक्टरांना दाखवा’ अशी सूचना.

मी चष्म्याचे नंबर काढतो, ऑपरेशन करत नाही. बिल एकदा लागो की दोनदा, माझ्या खिशात काही पडत नाही. पण ऑपरेशन झालेला माणूस मनातली खरी कुरकूर बोलून दाखवतो ती बहुतेक वेळा माझ्या खुर्चीत बसून.

‘परदेशात’ म्हणजे नक्की कुठे? फिनलंड-स्वीडनमध्ये ही पद्धत बरीच रुळली आहे, पण इतर अनेक देशांत आजही एका वेळी एकच डोळा करतात. पैशाचा मुद्दा अमेरिकेत खरा आहे, फक्त त्याचा अर्थ वेगळा. तिथल्या सरकारी मेडिकेअर विम्यात त्याच दिवशी केलेल्या दुसऱ्या डोळ्याची फी निम्मी होते, म्हणून तिथले डॉक्टर कचरतात. आपल्याकडे खाजगीत पॅकेज डोळ्यागणिक असतं. एक डोळा, एक लेन्स, एक पॅकेज. दोन्ही एकाच दिवशी केले तरी दोन्हींचे पैसे लागणारच. मग दोनदा बोलावण्यात डॉक्टरचा असा कोणता फायदा?

इन्फेक्शन दुर्मीळ झालंय, हे मान्य. 2007 च्या युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत ऑपरेशनच्या शेवटी डोळ्याच्या आत अँटिबायोटिक सोडल्यावर हा धोका जवळपास पाचपट कमी झालेला दिसला. आपल्याकडे त्यासाठी बहुधा मॉक्सिफ्लॉक्सासिन वापरतात. पण दुर्मीळ म्हणजे शून्य नव्हे. 2021 मध्ये बिहारात मुझफ्फरपूरला एका शिबिरानंतर कित्येकांचे डोळे काढावे लागले. अशी खराबी साधारणपणे औषधाच्या किंवा सलाईनच्या एखाद्या बॅचमधून, नाहीतर निर्जंतुक करण्यातल्या चुकीतून येते, आणि त्या दिवशी टेबलावर आलेल्या प्रत्येक डोळ्यापर्यंत पोचू शकते. म्हणूनच जिथे दोन्ही डोळे एका दिवशी करतात, तिथे दुसरा डोळा म्हणजे जणू दुसराच पेशंट मानायचा दंडक आहे. गाऊन-हातमोजे नवे, अवजारांचा ट्रे वेगळ्या फेरीत निर्जंतुक केलेला, डोळ्यात सोडायची औषधं शक्यतो वेगळ्या बॅचची. आणि पहिल्या डोळ्यात काही बिघडलं, तर दुसरा त्या दिवशी करायचाच नाही. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही.

आता समाधान. इथे मेसेज अर्धवट खरा आहे, म्हणून जास्त घोळ करतो. नेदरलँड्समध्ये दहा हॉस्पिटलांत 865 पेशंटांवर झालेल्या चाचणीचे निकाल 2023 मध्ये आले. एकाच दिवशी केलेल्यांच्या नंबराचा निकाल वेगवेगळ्या दिवशी केलेल्यांपेक्षा वाईट नव्हता आणि खर्चही कमी आला. पण इन्फेक्शनचा किंवा नंबर चुकण्याचा धोका जास्त असलेले लोक त्या चाचणीत घेतलेच नव्हते. एकदम करून घेणाऱ्याला दोन्ही डोळ्यांनी लवकर नीट दिसायला लागतं, फेऱ्या वाचतात, तो खूश असतो. साहजिकच आहे. पण काही महिन्यांनी, वेगवेगळ्या दिवशी करणाऱ्याचेही दोन्ही डोळे झाल्यावर, दोघं जवळपास एकाच जागी येतात.

माझ्या खुर्चीतली नाराजी ‘दोनदा ऑपरेशन का केलं’ अशी क्वचितच असते. ती असते मधल्या दिवसांबद्दल. समजा, दोन्ही डोळ्यांना उणे सहाचा नंबर होता. उजव्याचं ऑपरेशन झालं, तो जवळपास शून्यावर आला. डावा अजून उणे सहावरच. जुना चष्मा घातला तर उजवा बिघडतो, काढला तर डावा. दोन्हीकडे बरोबर नंबर घालून नवा चष्मा दिला, तरी दोन डोळ्यांना वस्तू लहान-मोठी दिसते आणि डोकं गरगरतं. मधल्या दिवसांत उजवीकडे साधी काच बसवून देतो, पण ती डागडुजीच. असे एक काका दुकानाच्या पायरीवर थबकले, चपलेच्या टोकानं कड चाचपली, मग पाय गरजेपेक्षा वीतभर उंच उचलून आत आले. म्हणाले, “पायरी कुठी सरते तेच समजत नाही जी.” दुसऱ्या डोळ्याची तारीख? “पोराच्या सुट्टीवर हाय.”

ही तारीख दोन-चार आठवड्यांवर असती, तर काकांनी काढले असते ते दिवस. ती ढकलली जाते सुट्टीवर, लग्नावर आणि सगळ्यात जास्त उन्हाळ्यावर. म्हणजे ज्या मेसेजला लोकांना समाधानी करायचंय, त्याचीच उन्हाळ्याची ओळ काकांना महिनोन्‌महिने अधांतरी ठेवते.

तर उन्हाळा. ही समजूत मोठा छेद, टाके आणि दिवसेंदिवस पट्टी या जमान्यातली. आता फेकोत, म्हणजे अल्ट्रासाउंडनं मोतीबिंदू फोडून काढायच्या पद्धतीत, छेद दोन-तीन मिलिमीटरचा, बहुधा बिनटाक्याचा, आणि ऑपरेशन थिएटरला एसी. बाहेर 45 असो की 15, आत फरक पडत नाही. मे महिन्यात काळजी घ्यायची ती घरी. डोळ्यात घाम आणि धूळ जाऊ द्यायची नाही, काळा गॉगल, आणि रात्री कूलरचा झोत थेट तोंडावर घ्यायचा नाही. ही शेवटची सूचना नागपूरकराला सगळ्यात जड जाते, ते कबूल.

मेसेजमध्ये नसलेला एक मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लेन्सची पॉवर मोजमापावरून आधी ठरवतात, पण लागलेला नंबर खरा कळतो जखम भरल्यावर. पहिल्या डोळ्यात थोडं इकडे-तिकडे झालं, तर दुसऱ्याच्या वेळी ते सांभाळून घेता येतं. लेसरनं चष्मा घालवलेल्यांत आणि फार मोठ्या नंबरवाल्यांत हे जास्त लागू पडतं. एकाच दिवशी केलं की ही सोय गेली.

एकदम करणं ज्यांना खरोखर सोयीचं, असेही लोक आहेत. ज्यांना पूर्ण भूल द्यावीच लागते, उदाहरणार्थ गंभीर मतिमंदत्व असलेले. त्यांना दोनदा भूल देणं टाळता आलं तर बरंच. गडचिरोली किंवा बालाघाटहून येणाऱ्यांचं गाडीभाडं आणि सोबत येणाऱ्याची बुडणारी मजुरी, हाही फालतू मुद्दा नाही. हॉस्पिटल वरचे सगळे नियम पाळत असेल आणि डोळे बाकी निरोगी असतील, तर त्यांनी विचारायला हरकत नाही.

मेसेज डॉक्टरांना दाखवायचाच असेल तर दाखवा. सोबत शुगरचा ताजा रिपोर्ट आणि जुना चष्मा घेऊन जा. त्या चष्म्याच्या नंबरावरूनच कळतं की दुसऱ्या डोळ्याची तारीख किती जवळची हवी, आणि ती तारीख पहिल्या डोळ्याच्या आधीच लिहून मागा.