आधी थांबता आलं पाहिजे: मुंबईच्या पायवाटा, आपल्या सायकली आणि चालणारी माणसं

पावसाळा सरत आला की एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांची सायकल, घेणाऱ्यांची लाट येते. विचारणाही ठरलेली: सस्पेन्शन (धक्के झेलणारी यंत्रणा) १०० एमएमचं घेऊ की १२० चं, गिअर किती हवेत, पुढेमागे दोन्हीकडे सस्पेन्शन परवडेल का. ब्रेकचं आणि टायरचं क्वचितच कुणी विचारतं. माझं स्पष्ट मत आहे: मुंबईच्या आसपासच्या डोंगरवाटांसाठी सायकल घेताना पैसे आधी ब्रेकवर घालावेत, मग टायरवर, आणि उरले तर सस्पेन्शनवर. येऊर, आरे, खारघर, कुठेही जा, वळणापलीकडून माणूस येणार हे धरूनच चालायचं.

आणि तो माणूस आपल्या आधीपासून तिथे आहे. येऊरचा पाटोणपाडा, जांभूळपाडा किंवा आरेतले पाडे घ्या. आपण ज्याला 'सिंगल ट्रॅक' म्हणतो ती तिथल्या लोकांची पाण्याची, लाकूडफाट्याची, शाळेची आणि बस गाठायची वाट आहे. त्यानंतर सकाळी फिरायला येणारे, ट्रेकवाले, पक्षी बघणारे. आपण सगळ्यांत उशिरा आलो आणि सगळ्यांत जोरात येतो, म्हणून वाट देण्याची जबाबदारी पूर्णपणे आपली. 'त्यांच्या कानात इअरफोन होते' ही सबब मला मान्य नाही. चालणाऱ्याने सारखं मागे वळून बघत का चालावं?

काही ठिकाणी तर सायकल न्यायचीच नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं आहे आणि येऊरचं जंगल त्यातच येतं. तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे, परवानगीशिवाय आत शिरणं हा गुन्हा आहे. बोरिवलीच्या गेटातून कान्हेरीकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर सायकली चालतात, म्हणून त्या रस्त्याला फुटणारी प्रत्येक पाऊलवाट आपल्याला मोकळी झाली असं होत नाही. अॅपवर कुणीतरी काढलेली रेघ दिसली, एवढ्यावरून आत घुसू नका. गेटवर विचारा, नाही म्हणाले तर परत फिरा. तुंगारेश्वरही अभयारण्य आहे, तिथेही हेच. आणि उजाडण्याआधी किंवा दिवस मावळल्यावर जंगलाच्या कडेलासुद्धा सायकल नको. बिबट्या फिरतो तो त्याच वेळी, आणि लाइटच्या झोताबाहेर आपल्याला काहीच दिसत नाही.

आता मुद्द्याचं, म्हणजे वळणाचं. पावसाळ्यानंतर कारवी आणि गवत छातीपर्यंत आलेलं असतं. अशा वळणावर पुढची वाट जेमतेम १० मीटर दिसते. माणूस दिसल्यापासून बोट ब्रेकवर दाबेपर्यंत एक सेकंद जातो असं धरा, आणि सुक्या मुरमावर टायरची पकड डांबराच्या निम्मी धरा. मग ताशी १५ किलोमीटरला थांबायला साधारण ७ मीटर लागतात, २५ ला १४ मीटर आणि ३० ला १८ मीटर. म्हणजे २५ च्या वेगाने त्या वळणात शिरलेला सायकलवाला, त्याचे ब्रेक कितीही महागाचे असोत, समोरच्या माणसाच्या अलीकडे थांबूच शकत नाही. समोरून दुसरी सायकल येत असेल तर दिसणारं अंतर दोघांत वाटलं जातं, तेव्हा १५ सुद्धा जास्त. मी म्हणेन, पलीकडचं दिसत नसलेल्या प्रत्येक वळणावर ताशी ८ ते १०, त्याहून जास्त नाही.

हे माझ्या मनचं नाही. कॅलिफोर्नियात मरीन काउंटीच्या ज्या डोंगरात १९७६ साली 'रिपॅक' नावाची उताराची शर्यत सुरू झाली आणि माउंटन बायकिंगच्या खेळाने आकार घेतला, तिथे जुन्या सायकलींच्या मागच्या हबमधलं (चाकाच्या मधला भाग, ब्रेकही त्यातच असे) ग्रीस ब्रेक मारून मारून जळायचं. दर फेरीनंतर हब उघडून ग्रीस पुन्हा भरावं लागे, नाव पडलं ते त्यावरूनच. पुढे त्याच भागातल्या बहुतेक अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या, चालणाऱ्यांशी झालेले तंटे हे त्याचं मोठं कारण. उरलेल्या रुंद वाटांवर ताशी १५ मैलांची मर्यादा आली, म्हणजे सुमारे २४ किलोमीटर, आणि आंधळ्या वळणावर ५ मैल, म्हणजे ८. आपल्याकडे अजून अशी पाटी लागलेली नाही, तोवर आपणच ती पाळलेली बरी.

थांबायचं कसं, तर वळणाच्या आत ब्रेक मारायचा नाही. वळण यायच्या आधी, सायकल सरळ असतानाच वेग उतरवायचा. सीट खाली, दोन्ही पॅडल आडवी एका पातळीत, टाचा किंचित खाली, कोपर वाकलेले, दोन्ही लिव्हरवर एकेक बोट. खरं थांबवतो पुढचा ब्रेक. तो हळूहळू दाबत न्यायचा, झटका द्यायचा नाही. मागचं चाक लॉक करून फरफटत नेणं दिसायला जोरदार दिसतं, पण घसटणारं चाक फिरणाऱ्या चाकापेक्षा उशिरा थांबतं, शिवाय वाट खणून काढतं. त्यावर पुढे बोलतोच.

ब्रेक हायड्रॉलिक डिस्क, म्हणजे तेलाच्या दाबाने चालणारे, घ्या. केबलचे डिस्क ब्रेक वाईट नसतात, पण मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत केबल आतून गंजते, लिव्हर जड होतं आणि एका बोटाने थांबणं अवघड होतं. केबलचेच असतील तर दर पावसाळ्यानंतर आतली तार आणि बाहेरचं कव्हर दोन्ही बदला, नुसती तार बदलून भागत नाही. हायड्रॉलिकमध्ये काहींत मिनरल ऑइल असतं, काहींत डॉट फ्लुइड. डॉट हवेतला ओलावा शोषून घेतं आणि त्याचा उकळबिंदू खाली येतो, म्हणून ते वर्षातून एकदा बदलायलाच हवं. दोघांची अदलाबदल चुकूनही करू नका, आतली सीलं फुगून ब्रेक निकामी होतात. लिव्हरवर किंवा झाकणावर कुठलं तेल ते लिहिलेलं असतं.

पॅड रेझिनचे की मेटलचे? चिखलात रेझिन भराभर झिजतात, मेटलचे टिकतात. पण स्वस्त सायकलींच्या डिस्कवर बारीक अक्षरांत 'रेझिन पॅड ओन्ली' छापलेलं असतं. त्या डिस्कचं पोलाद मऊ असतं, मेटलचे पॅड ती खाऊन टाकतात. पॅड घ्यायला जायच्या आधी डिस्कवरची अक्षरं वाचा. पॅडवरचा मसाला १ मिलिमीटरवर आला की पॅड बदला. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते, बऱ्याच डिस्कवर ती १.५ मिलिमीटर असते. आणि चेनला ऑइल सोडताना स्प्रे वापरू नका. फवारा डिस्कवर उडतो, ब्रेक किंचाळायला लागतो आणि पॅड फेकून द्यावे लागतात. थेंबाथेंबाने सोडायच्या बाटलीतलं ऑइल, एकेका कडीवर एक थेंब, पाच मिनिटं थांबून कोरड्या फडक्याने वरचं पुसून काढायचं.

टायर २.२५ ते २.४ इंचाचं, बाजूच्या गुट्ट्या ठसठशीत असलेलं. पुढे जास्त पकडीचं, मागे जरा कमी चाललं तरी हरकत नाही. हवेचा दाब हा फुकटात मिळणारा सगळ्यांत मोठा फरक आहे आणि नेमका तिथेच घोळ होतो, कारण नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे ४५-५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून लोक डोंगरात जातात. इतक्या हवेला टायर मुरमावर गोट्यांसारखं उड्या मारतं, पकड येतच नाही. सुमारे ७० किलोच्या माणसाला ट्यूबलेस टायरमध्ये पुढे २२ ते २४ आणि मागे २५ ते २७ पीएसआय पुरे. ट्यूब असेल तर पाचेक पीएसआय जास्त ठेवा, नाहीतर दगडावर रिम बसून ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. दाब मोजणारं छोटं गेज वेगळं विकत घ्या, पंपावरच्या काट्यावर फार विसंबू नका.

आपल्याकडे बाभळीचे काटे इतके, की ट्यूबलेस करण्याचा खर्च वाया जात नाही. २९ इंची चाकात १०० ते १२० मिलिलिटर सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, लागतं. ते उन्हाने दोन-तीन महिन्यांत सुकतं आणि आत रबराचा गोळा उरतो. मग 'ट्यूबलेस काही कामाचं नाही' असं लोक म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा आत सीलंटच नसतं. चाक कानाशी धरून हलवा, पाण्यासारखा आवाज आला नाही तर भरा. वाटेत काटा रुतलेला दिसला तर चाक फिरवून काटा खाली आणा, मग उपटा आणि लगेच चाक गरगर फिरवा. सीलंट भोकाशी पोहोचून ते बुजतं. ट्यूबवाल्यांनी नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून फडक्याने पुसून घ्यावं, बोटाने नव्हे. काट्याचं मोडकं टोक आतच राहिलेलं असतं आणि फडकं तिथे अडकतं. हे न पाहिल्यामुळे दुसरी ट्यूबही पाच मिनिटांत बसते.

सस्पेन्शनचं थोडक्यात: इथल्या वाटांना १०० ते १२० एमएमचा पुढचा फोर्क असलेली हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल, भरपूर झाली. हवेचा फोर्क असेल तर सगळ्या सामानासकट उभं राहिल्यावर तो २० टक्के बसला पाहिजे, १२० चा असेल तर २४ मिलिमीटर. स्वस्तातल्या जड स्प्रिंगच्या फोर्कपेक्षा सस्पेन्शन नसलेला साधा फोर्क आणि रुंद टायर मला केव्हाही पसंत.

वाट खणण्याबद्दल. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. उतारावर लॉक झालेल्या चाकाने दोन बोटं खोल चर पाडला की जूनचं पाणी तोच रस्ता धरतं, माती नेतं, दगड उघडे पाडतं आणि सप्टेंबरला तिथे घोट्याएवढी घळ तयार असते. मग चालणारे कडेने नवी वाट पाडतात, सायकलवाले त्याहून बाहेरून, आणि पायवाटेची दहा फुटी उघडी जखम होते. त्यामुळे पावसाळ्यात मातीच्या वाटा सोडा, डांबरी घाटरस्ते आहेत. नंतरसुद्धा टायरचा ठसा सेंटिमीटरभर रुतत असेल तर परत फिरा. डबकं आलं तर मधून जा किंवा सायकल उचलून न्या, कडेने नको. शेवाळलेल्या काळ्या कातळावर तर उतरून चाललेलंच बरं, तिथे कुठलंही टायर धरत नाही.

ओलांडून जाण्याची रीत हा माझ्या दृष्टीने सामानाइतकाच महत्त्वाचा भाग. हँडलला घंटी हवीच, पंधरा सायकलींपैकी एकीला असते. ती २५-३० मीटरवरून दोनदा वाजवा, अगदी पाठीशी येऊन नव्हे. 'लेफ्ट, लेफ्ट' ओरडू नका. अर्धी माणसं ते ऐकून डावीकडेच उडी मारतात. 'काका, मागून सायकल येतेय, सावकाश चला, आम्ही तिघं आहोत' एवढं पुरतं. संख्या सांगणं फार गरजेचं, कारण पहिला गेला की माणूस निर्धास्त होऊन पुन्हा वाटेच्या मध्ये येतो आणि धक्का बसतो तो दुसऱ्या सायकलचा. त्यांनी बाजू दिली की चालण्याच्या वेगाने पुढे जा आणि शेवटच्याने 'झालं, मागे कुणी नाही' म्हणून सांगा.

समोरून डोक्यावर मोळी किंवा हंडा घेतलेली बाई आली तर सायकलवरून उतरायचंच. तिला मान वळवता येत नाही, मोळीची टोकं दोन्ही बाजूंना हातभर बाहेर असतात आणि एकदा थांबली की ओझ्यासकट पुन्हा चाल धरणं कष्टाचं असतं. आपण वाट पूर्ण सोडायची, दरीच्या बाजूला पक्क्या जागी उभं राहायचं, डोंगराची बाजू तिला द्यायची. लहान मुलं दिसली तर चालत जा, ती कुठल्याही बाजूला पळतात. पाड्याजवळ कुत्रं मागे लागलं तर पॅडल मारत पळू नका. थांबा, उतरा, सायकल मध्ये धरा, बहुतेक कुत्री तिथेच गप्प होतात. आणि दोन सायकलवाले समोरासमोर आले तर उताराने खाली येणाऱ्याने थांबायचं. चढणाऱ्याची लय तुटली की त्याला चढावर पुन्हा सुरुवात करणं कठीण जातं.

सायकलींसाठी वेगळ्या वाटा मागायला माझा पाठिंबा आहे, पण जंगलाच्या गाभ्यात नाही. खारघरसारख्या शहराला लागून असलेल्या टेकड्यांवर, जिथे वाटा आधीच उधळलेल्या आहेत, तिथे मागाव्यात. मागताना नुसतं 'ट्रेल द्या' म्हणू नये, आराखडा घेऊन जावं. आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग संघटनेचे, म्हणजे इम्बाचे, ठोकताळे तयार आहेत. वाटेचा चढ टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून कमी हवा, म्हणजे टेकडी १६ टक्के उतरती असेल तर वाट ८ टक्क्यांच्या आतच. एकूण सरासरी १० टक्के किंवा त्याहून कमी हवी. वाटेचा पृष्ठभाग बाहेरच्या बाजूला किंचित कललेला, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता आडवं निघून जातं. आणि जिथे दोघांना एकच वाट वापरावी लागेल तिथे सायकली एका दिशेने, चालणारे उलट दिशेने. मागून दचकवण्याचा प्रश्नच मिटतो, दोघांना एकमेकांचे चेहरे लांबूनच दिसतात.