ऱ्हाइन ओलांडणारी ट्राम, सीमेवर थांबणारी एसटी

डिसेंबर आला की आमच्या बेळगावात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटकाचं हिवाळी अधिवेशन भरतं, आणि त्याला उत्तर म्हणून महाराष्ट्र एकीकरण समिती मराठी माणसांचा महामेळावा पुकारते. मग परवानगी नाकारली जाते, कार्यकर्त्यांची धरपकड होते, महाराष्ट्रातून निघालेल्या नेत्यांच्या गाड्या कोगनोळी नाक्यावर अडवल्या जातात. लंडनला आल्यापासून हे सगळं मला फोनवर कळतं. यंदा आईचा फोन आला तेव्हा आम्ही दोघं नाताळच्या सुट्टीसाठी स्ट्रासबुर्गला जायची बॅग भरत होतो. ते गाव फ्रान्स आणि जर्मनीच्या हद्दीवर आहे, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तिकडं तरी हद्दीवर शांत असतंय काय गं?"

मी घाईत "हो" म्हणून टाकलं. पाच दिवस तिथं राहून आल्यावर तिला नीट उत्तर द्यावंसं वाटतंय.

त्याआधी आमच्या घराबद्दल थोडं. मी बेळगावच्या शहापूरची, मराठी शाळेत शिकलेली, पण कर्नाटकाची रहिवासी. नवरा जत तालुक्यातला, उमदीच्या बाजूचा. कन्नड शाळेत शिकलेला, पण महाराष्ट्राचा रहिवासी. दोघांनाही आपापल्या राज्यात 'तुम्ही नक्की कुठले?' हा प्रश्न ऐकत मोठं व्हावं लागलं. त्यामुळे स्ट्रासबुर्ग ज्या अल्सास प्रांतात आहे, तिथं आम्ही नुसती रोषणाई बघायला गेलो नव्हतो.

रोषणाई मात्र खरोखर डोळे भरून बघण्यासारखी होती. स्ट्रासबुर्गचा नाताळबाजार 1570 पासून भरतो. कॅथेड्रलचा गुलाबी दगड संध्याकाळी दिव्यांत उजळतो. त्याचा 142 मीटरचा मनोरा 1874 पर्यंत दोनशेहून जास्त वर्षं जगातली सगळ्यात उंच इमारत होता. खाली दालचिनीचा, गरम वाइनचा आणि 'ब्रेडेले' नावाच्या छोट्या बिस्किटांचा वास दरवळत असतो. घरोघरी ही बिस्किटं डबे भरून करतात, अगदी आपल्याकडच्या फराळासारखी. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या बाईंनी आम्हाला एक डबा दिला आणि प्रत्येक बिस्किटाचं नाव सांगितलं. ती नावं फ्रेंच नव्हती.

त्या म्हणाल्या, "आजी स्वयंपाकघरात अल्सेशियनच बोलायची. आईला सगळं समजायचं, पण ती उत्तर फ्रेंचमध्ये द्यायची. मला आता पदार्थांची नावं आणि शिव्या तेवढ्या येतात." अल्सेशियन ही जर्मनच्या कुळातली बोली. हा प्रांत 1871 मध्ये जर्मनीकडे गेला, 1918 मध्ये फ्रान्सकडे आला, 1940 मध्ये पुन्हा जर्मनीनं बळकावला आणि युद्धाच्या शेवटी परत फ्रान्सचा झाला. बाईंच्या पणजीनं एकाच गल्लीत राहून चार वेळा देश बदलला. नाझी राजवटीत फ्रेंच बोलायला बंदी होती. 1945 नंतर उलटं झालं. प्राथमिक शाळेतून जर्मन हटली आणि 'फ्रेंच बोलणं हेच ऐटीचं' अशा घोषवाक्यांनी मुलांना घरची बोली सोडायला लावली. म्हणजे आईला मी सांगितलेली शांतता खरी आहे, पण तिच्यासाठी एक बोली खर्ची पडली आहे.

रिपब्लिक चौकातलं युद्धस्मारक बघून आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. 1936 साली उभारलेल्या या शिल्पात एक आई मरणाऱ्या दोन मुलांना धरून बसली आहे. एक जर्मनीसाठी लढला, एक फ्रान्ससाठी, म्हणून दोघांच्याही अंगावर गणवेश नाही. 'देशासाठी मृत्यू' असंही लिहिलेलं नाही. फक्त 'आमच्या मृतांना'. पुढच्या युद्धात जर्मन सैन्यानं अल्सास आणि शेजारच्या मोझेलमधल्या सुमारे 1,30,000 तरुणांना जबरदस्तीनं भरती केलं. मला आमच्या गावचे 17 जानेवारी 1956 चे सीमालढ्यातले हुतात्मे आठवले, 1 जून 1986 चे कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातले आठवले. एवढ्या मोठ्या संहाराशी आमच्या दुःखाची बरोबरी करायची नाही. पण हद्द कुणीतरी दूर बसून आखतं आणि हुंदका गल्लीतल्या आईचा असतो, हे दोन्हीकडे सारखंच.

24 तारखेला सकाळी आम्ही डी ट्राम पकडून केलला गेलो. 2017 पासून ही ट्राम ऱ्हाइन ओलांडून थेट जर्मनीतल्या केल गावात जाते. बायका किराण्याच्या पिशव्या घेऊन बसलेल्या, कारण साबण, शाम्पू आणि सिगारेट पलीकडे स्वस्त. स्ट्रासबुर्गमध्ये दोन्ही गावांच्या मुलांसाठी एकच पाळणाघर आहे, 2014 पासून. केलला डब्यात जर्मन पोलीस चढले आणि आमचे पासपोर्ट तपासले. सप्टेंबर 2024 पासून जर्मनीनं सगळ्याच भूसीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली आहे. युरोपात सीमा उरलीच नाही असं कुणी म्हणालं तर मी मान डोलावणार नाही. पण पोलीस उतरले आणि ट्राम चालू लागली.

आमच्याकडे 2025 च्या फेब्रुवारीत बेळगावजवळ एका बसवाहकाला भाषेवरून मारहाण झाली, मग चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एसटीला काळं फासलं, आणि दोन राज्यांमधली बससेवा बंद पडली. दोन देश नाहीत, एकाच देशातली दोन राज्यं! कोल्हापूरच्या दवाखान्यात निघालेली माझी मावशी त्या आठवड्यात घरीच बसून राहिली.

माझं म्हणणं असं आहे. बेळगावचा दावा सोडा, असं मी म्हणत नाही. 1967 साली सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं बेळगाव कर्नाटकातच ठेवलं, महाराष्ट्रानं ते नाकारलं, 2004 पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे आणि 27 डिसेंबर 2022 ला महाराष्ट्र विधिमंडळानं 865 गावं महाराष्ट्रात आणण्यासाठी एकमतानं ठराव केला. तो हक्क खरा आहे. पण निकालाची वाट बघण्यात माझ्या आईचं सगळं आयुष्य गेलं, आणि त्या काळात तिला मराठीतून एक साधा सरकारी कागद मिळाला नाही. आधी तो मिळायला हवा.

राज्यांची हद्द आखली गेली त्याच 1956 सालच्या सातव्या घटनादुरुस्तीनं 350अ कलम आणलं. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, ही त्यातली अपेक्षा. जिथं अल्पसंख्य भाषकांची वस्ती 15 टक्क्यांच्या वर आहे तिथं सूचना, नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत, ही केंद्राची भूमिकाही जुनीच आहे. बेळगावकर याचसाठी मोर्चे काढतात.

'एका राज्यात दोन नियम कसे चालतील?' असं आमच्याकडचे अधिकारी विचारतात. याचं उत्तर मला 26 डिसेंबरला मिळालं. स्ट्रासबुर्ग कडेकोट बंद होतं, ब्रेडसुद्धा मिळेना, आणि बाकीच्या फ्रान्समध्ये मात्र कामाचा दिवस होता. ही सुट्टी जर्मन काळातली. 1918 नंतर फ्रान्सनं अल्सास-मोझेलचे बरेच जुने कायदे तसेच ठेवले. धर्म आणि शासन वेगळं करणारा 1905 चा कायदासुद्धा तिथं लागू नाही. फ्रान्ससारखं एकसाचीपणाचा आग्रह धरणारं शासन शंभर वर्षं हा अपवाद सांभाळतं आणि देश मोडत नाही. भाषेच्या बाबतीत मात्र त्यानं तेवढं मन दाखवलं नाही. प्रादेशिक आणि अल्पसंख्य भाषांची युरोपीय सनद ज्या संस्थेची, तिचं मुख्यालय स्ट्रासबुर्गमध्येच आहे. फ्रान्सनं 1999 मध्ये सही केली, पण सनद आजवर लागू केली नाही. बाईंच्या आजीची बोली नातीपर्यंत का पोचली नाही, ते यातच आलं.

इथं मला महाराष्ट्रालाही विचारायचं आहे. नवऱ्याच्या कन्नड शाळेत एक अख्खं वर्ष गणिताला शिक्षक नव्हता. जतच्या गावांनी पाण्यासाठी टाहो फोडला, कर्नाटकात जायचे ठराव केले, आणि 2022 मध्ये कर्नाटकाच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी त्यांचाच आधार घेऊन जतवर हक्क सांगितला. त्या शाळांमध्ये शिक्षक नेमले असते, त्या शिवारात पाणी पोचलं असतं, तर बेळगावातल्या मराठी शाळेसाठी आपला शब्द किती वजनदार झाला असता! पहिलीपासून हिंदीची सक्ती 2025 च्या जूनमध्ये महाराष्ट्रानं परतवून लावली, तेव्हा मी लंडनमध्ये आनंदानं रडले होते. लहान मुलावर भाषा लादू नये हे आपल्याला इतकं पटतं, तर जत आणि अक्कलकोटच्या कन्नड मुलालाही ते लागू व्हायला हवं.

27 ला परत निघालो. स्ट्रासबुर्ग ते पॅरिस पावणेदोन तास, मग एका स्थानकातून दुसऱ्यापर्यंत बॅग ओढत दहा मिनिटं, आणि तिथं दोन खिडक्या. आधी फ्रेंच पोलीस, चार पावलांवर ब्रिटिश. रांगेत उभी असतानाच आईचा मेसेज आला. घराच्या जागेबद्दल नोटीस आली होती, सगळी कन्नडमध्ये. आईला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. "जावईबापूंना दाखव जरा," एवढंच लिहिलं होतं.

नवऱ्यानं फोटो मोठा केला, आईला फोन लावला आणि रांगेत पुढं सरकत एकेक ओळ मराठीत सांगू लागला. पंधरा दिवसांची मुदत होती. गेल्या महिन्यात त्याच्या बाबांचा मराठीतला सातबारा मी त्यांना असाच वाचून दाखवला होता. त्यातली एक नोंद चुकली होती, ती अजून दुरुस्त व्हायची आहे.