अठरा पायऱ्या न चढता साधायचा सुसंवाद

तुमच्या बाथरूमच्या छताला ओला डाग पडलाय. पोळीएवढा, कडेने पिवळसर. अभिनंदन! संवादकौशल्य वाढवायची इतकी चांगली संधी घरबसल्या क्वचितच मिळते. वरच्या मजल्यावर जायला साधारण १८ पायऱ्या चढाव्या लागतात आणि बेल दाबायला एक बोट लागतं. आपल्याला नेमकं तेच टाळायचंय.

पहिली खबरदारी म्हणजे, वरच्यांना काहीही विचारायचं नाही. विचारलं की खरं कारण कळतं आणि काम बिघडतं. वरचे चार दिवस गावाला गेलेत आणि तरी थेंब पडतोय, तर दोष बहुधा भिंतीतल्या पाण्याच्या लाइनचा, कारण तिच्यात दाब कायम असतो. अंघोळी-कपड्यांनंतरच ओल वाढत असेल, तर नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं जाळीचं भोक) किंवा टाइल्सचे सांधे. फक्त पावसाळ्यात येत असेल, तर बाहेरची भिंत. म्हणजे बिचारे वरचे त्यात कुठेच नाहीत. त्यातून ते सज्जन निघाले, नहाणीच्या तोंडात फडकं कोंबून त्यांनी बाथरूममध्ये दोन बोटं पाणी साठवलं, त्यात नीळ कालवली आणि दिवसभर तसंच ठेवलं, तर तुमच्याकडे निळा थेंब पडायचा. वाद दोन दिवसांत मिटायचा. मग दिवाळीपर्यंत बोलणार कशावर?

त्यापेक्षा निदान स्वतः करा. डाग जिथे, त्याच्या बरोब्बर वर गळती, असं ठामपणे सांगा. पाणी स्लॅबमधून वाट काढत हातभर लांब जाऊन टपकतं, हे प्लंबरला माहीत असतं, पण त्याला कोण विचारतं! वर बालदी सरकल्याचा आवाज आला की लगेच थेंब मोजायला घ्या. टाइल्सखालच्या विटांच्या भरावात पाणी साठतं आणि सावकाश झिरपतं, त्यामुळे आजचा थेंब परवाच्या धुण्याचाही असू शकतो. ही माहिती शक्यतो स्वतःपासूनही लपवून ठेवा.

आता मुख्य माध्यम : सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप. वेळ रात्री पावणेअकराची, म्हणजे माणसं जागी असतात पण दार वाजवायला उशीर झालेला असतो. मजकूर असा : ‘काही सन्माननीय सभासदांच्या निष्काळजीपणामुळे इतरांना त्रास होत आहे. कोणाचे नाव घेत नाही. सुज्ञांस सांगणे न लगे.’ लेकी बोले सुने लागे हा आपला परंपरागत प्रकार, मात्र इथे सुनेसोबत आणखी चाळीस घरं ऐकतात. फोटो जोडा, पण फ्लॅट नंबर लिहू नका. नंबर लिहिला तर एकच माणूस दुखावतो; नाही लिहिला तर वरच्या मजल्यावरचं प्रत्येक घर दुखावतं.

मेसेज टाकल्यावर त्यावर बोट दाबून धरा, ‘इन्फो’ उघडा आणि कोणी किती वाजता वाचला ते पाहा. वरच्यांनी निळ्या खुणा बंद ठेवल्या असल्या तरी ग्रुपमध्ये वाचल्याची वेळ दिसतेच. १०:५२ ला वाचून १०:५३ ला उत्तर नाही, याला पुरावा म्हणतात. (ते दात घासत असतील, अशी शंका मनात आणू नका.) पश्चात्ताप झालाच, तर पंधरा मिनिटांपर्यंत मजकूर बदलता येतो आणि साधारण अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी पुसता येतो. पुसल्याची खूण मात्र तिथे राहते, आणि मूळ मजकुराने झालं नसेल तेवढं काम ती करते. सकाळी साडेसहाला सूर्योदयाचं चित्र आणि ‘नाती जपा’ असा सुविचार टाकायला विसरू नका. संबंध तोडायचे नाहीत आपल्याला.

उत्तर आलंच, तर शब्दांकडे लक्ष असू द्या. ‘बघतो’ म्हणजे बघणार नाही. ‘प्लंबरला सांगितलंय’ म्हणजे प्लंबरचा नंबर शोधायचाय. ‘आमच्याकडे तर एकदम कोरडं आहे’ हे मात्र शंभर टक्के खरं असतं. पाणी त्यांच्याकडे थांबलं असतं, तर तुमच्याकडे आलंच नसतं.

यानंतर पत्र. ते वरच्यांना नव्हे, सचिवांना. दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या आणि खाली ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून अध्यक्ष, खजिनदार आणि उपनिबंधक (सोसायट्यांवर देखरेख करणारे सरकारी अधिकारी) यांना टाका. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार, गच्चीतून येणारी पावसाची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते, आणि संडास-बाथरूममुळे होणाऱ्या फ्लॅटच्या आतल्या गळतीचा खर्च संबंधित सभासदांनी करायचा असतो. थोडक्यात, सचिव तुम्हाला सांगणार, ‘तुम्ही आपसांत बोलून घ्या.’ हा सल्ला मनावर घेऊ नका. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असतेच. तिथे ‘ऐनवेळचे विषय’ येईपर्यंत गप्प बसा. तोवर समोसे वाटून झालेले असतात, माणसं खुर्च्यांवरून अर्धी उठलेली असतात. नेमकं तेव्हा उभं राहा आणि ‘राग मानू नका, पण’ अशी सुरुवात करा. या चार शब्दांनंतर राग न मानलेला माणूस अजून कोणाच्या पाहण्यात नाही.

मध्यंतरी पाचशे रुपयांच्या ग्राउटचं (टाइल्सचे सांधे भरायचं) काम टाइल्स फोडण्यापर्यंत येतं आणि तुमच्या छताचं प्लॅस्टर सुटायला लागतं. ते ठोकून पोकळ आवाज येतो का पाहा. येत असेल तर थेंबांखाली ठेवलेली बालदी हलवा, नाहीतर प्लॅस्टर तिच्यातच पडायचं.

मग दिवाळी येते आणि वरून चकल्यांचा डबा येतो. घाबरू नका. चकल्या खा, चांगल्या असतात. डबा रिकामा परत पाठवायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून तळाशी मूठभर साखर घाला आणि तिच्यावर वॉटरप्रूफिंगच्या अंदाजपत्रकाची झेरॉक्स घडी घालून ठेवा. झाकण घट्ट लावा. डबा घेऊन स्वतः मात्र जाऊ नका, वॉचमनकडे द्या.