तानपुरा, हेडफोन आणि मेंदूलहरी: एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली फोंड्याहून आलेली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. दोन कानांत किंचित वेगळे स्वर सोडून (यालाच ‘बायनॉरल बीट्स’ म्हणतात) मेंदूलहरींना हवे ते वळण देता येते आणि मन शांत होते, असा दावा करणाऱ्या ध्वनिफितींवर मी लेखात शंका घेतली होती; त्या लेखाला आपण दोन आक्षेप घेतले आहेत. हरमलच्या ध्यानवर्गात आपण आणि इतरांनी अनुभवलेली शांतता मी भ्रम ठरवली, हा पहिला. आणि तानपुऱ्याच्या जोडीच्या तारांतून आपल्या गवयांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेलेच तत्त्व इथे वापरले जाते, मग अविश्वास कशासाठी, हा दुसरा.

तानपुऱ्याचा मुद्दा आधी घेतो. जोडीच्या तारा किंचित वेगळ्या लागल्या की जे आंदोलन (आवाजाचा लयीत होणारा चढ-उतार) ऐकू येते ते हवेतच तयार होते, आणि एक कान झाकला तरी ते ऐकू येते. बायनॉरल बीट्सचे तसे नाही. डाव्या कानात २०० आणि उजव्या कानात २१० हर्ट्झचा स्वर सोडला, तर दोन्हींपैकी एकाही कानापर्यंत आंदोलन पोहोचत नाही. दोन्ही कानांकडून आलेल्या संदेशांची गाठ मस्तिष्कस्तंभात (मेंदूच्या तळाशी असलेल्या भागात) पडते आणि १० हर्ट्झचा ठोका तिथे जन्मतो. डोव्ह या जर्मन शास्त्रज्ञाने हा प्रकार एकोणिसाव्या शतकात नोंदवला होता. संशोधक गेराल्ड ऑस्टर यांच्या १९७३ च्या लेखाने त्याकडे पुन्हा लक्ष वेधले. ठोका असा मेंदूतच जन्मत असल्याने त्याला हेडफोन अनिवार्य आहे. आपल्या वर्गात मात्र, आपणच लिहिता त्याप्रमाणे, ध्वनिफीत स्पीकरवर वाजत होती. म्हणजे दोन्ही स्वर हवेतच मिसळले आणि जाहिरातीत ज्याचा गाजावाजा असतो ती प्रक्रिया तिथे घडलीच नाही. तरीही सर्वांना शांत वाटले, ही बाब माझ्या म्हणण्याला बळ देणारी आहे.

शांतता भ्रम होती, असे मी म्हटलेले नाही. तिचे श्रेय कशाला द्यायचे, एवढाच माझा प्रश्न आहे. डोळे मिटून स्वस्थ पडले की अल्फा लहरी (स्वस्थ, जाग्या अवस्थेतील मेंदूलहरी) वाढतात, हे मेंदूलहरींची नोंद करणारे जर्मन शास्त्रज्ञ हान्स बर्गर यांच्या १९२९ पासूनच्या नोंदींमुळे सर्वज्ञात आहे, आणि त्यासाठी कोणतीही ध्वनिफीत लागत नाही. शिवाय मेंदूने ठोक्याला साथ देणे (त्याच्या लहरी ठोक्याच्या गतीने चालणे) आणि मनाला विश्रांती मिळणे ही दोन वेगळी विधाने आहेत. २०२० मधील एका प्रयोगात ईईजीवर (मेंदूलहरींच्या आलेखावर) अशी साथ आढळली, आधीच एकत्र मिसळून ऐकवलेल्या साध्या स्वरांना तर ती अधिक ठळक मिळाली, पण ऐकणाऱ्यांच्या मनःस्थितीत त्यामुळे फरक पडला नाही. मेंदू खरोखर ठोक्यामागे जातो का, याचा २०२३ मध्ये १४ अभ्यासांच्या आधारे आढावा घेतला गेला, तेव्हा ५ अभ्यास बाजूने, ८ विरुद्ध आणि १ संमिश्र निघाला.

आपल्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आपण दिला नाही, तो मीच देतो. शस्त्रक्रियेपूर्वीच्या रुग्णांवरील २००५ च्या ब्रिटिश अभ्यासात हे ठोके ऐकणाऱ्यांची चिंता २६.३ टक्क्यांनी उतरली, ठोक्यांविना तेच ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्यांची ११.१ टक्क्यांनी, आणि काहीच न ऐकणाऱ्यांची ३.८ टक्क्यांनी. हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. मात्र तो शस्त्रक्रियेच्या भीतीविषयीचा आहे, ध्यानाविषयीचा नाही. त्यावरून ‘थीटात (संथ मेंदूलहरींच्या अवस्थेत) सात मिनिटांत समाधी’ असली विक्री करणे मला अप्रामाणिक वाटते.

आपण ऐकणे थांबवावे, असे माझे म्हणणे नाही. पण पडताळा पाहायचा असेल, तर तेच संगीत ठोक्यांसह आणि ठोक्यांविना अशा दोन फितींत घ्यावे, रोज कोणती लावायची ते घरातील दुसऱ्या कोणी ठरवून आपल्यापासून गुप्त ठेवावे, आणि ऐकून झाल्यावर किती स्वस्थ वाटले ते आपण लगेच लिहून ठेवावे. त्या नोंदी आपण कळवल्यास, त्या माझ्या मताविरुद्ध गेल्या तरी, मी त्या इथे जशाच्या तशा छापीन.