मॅगी मॅक्सला ओळखत का नाही?

केन लडविगच्या ‘लेंड मी अ टेनर’ या इंग्रजी प्रहसनावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचा आक्षेप असा, की यातला घोटाळा मुळातच पटत नाही. ऑपेरा कंपनीत मॅनेजरच्या हाताखाली राबणारा मॅक्स चेहरा रंगवून मोठ्या गायकाच्या जागी गातो आणि त्याची लाडकी मॅगीसुद्धा त्याला ओळखत नाही, हे कसं? त्यापेक्षा ‘संशयकल्लोळ’ बरं, तिथे संशयाला निदान तसबिरीचं निमित्त आहे, असं तुम्ही लिहिलंत.

मला इथलं निमित्त त्याहून पक्कं वाटतं. लडविगने १९३४ सालचं अमेरिकेतलं क्लीव्हलंड उगीच नाही निवडलं. तेव्हा बडा गायक लोकांपर्यंत पोचायचा तो तबकड्यांतून आणि रेडिओवरून. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचं रेडिओ प्रक्षेपणही १९३१ पासूनचं. आवाज घराघरात ओळखीचा, चेहरा मात्र फार थोड्यांनी जवळून पाहिलेला. त्यात भूमिका ओतेल्लोची, शेक्सपिअरच्या नाटकावरून व्हर्दीने रचलेल्या ऑपेरातल्या काळ्या सेनापतीची, म्हणजे टोप, दाढी, रंग, सगळं आलंच.

पण मॅक्सला गाता कसं येतं? त्याची तजवीज पहिल्या अंकातच आहे. हॉटेलच्या खोलीत तो मोठा गायक, टीटो मेरेली, त्याला अंग सैल सोडायला शिकवतो आणि दोघं व्हर्दीच्याच ‘डॉन कार्लोस’ या ऑपेरातलं मैत्रीचं द्वंद्वगीत गातात. प्रहसनात इतका निवांत, प्रेमळ प्रवेश क्वचित सापडतो. तो नीट ऐकला की कळतं, या मुलाकडे गळा होताच, विचारत कुणी नव्हतं. झोपेच्या औषधाने टीटो निपचित पडतो, बायकोने त्याला सोडून जाताना लिहिलेली चिठ्ठी त्याच्या आत्महत्येची समजली जाते, आणि मॅक्स त्याच्या जागी उभा राहतो. इकडे टीटो जागा होऊन ओतेल्लोच्या वेषात थिएटर गाठतो, तर पोलीस त्यालाच वेडा ठरवून मागे लागतात! खऱ्याला कुणी खरं मानत नाही, आणि मॅगीने मॅक्सकडे गायक म्हणून कधी पाहिलेलंच नाही. तिचं न ओळखणं मला म्हणूनच पटतं, आणि थोडं लागतंही.

गोऱ्या नटाने चेहरा काळा करणं आज खटकतं, हे तुम्ही लिहिलंत ते मला पूर्ण मान्य आहे. लडविगनेही सुधारित संहितेत ओतेल्लो काढून ‘पालियाची’ हा विदूषकाचा ऑपेरा आणला. विदूषकाच्या पांढऱ्या रंगाखालीही माणूस तितकाच लपतो, म्हणजे नाटकाला त्या काळ्या रंगाची गरज कधी नव्हतीच. त्या संहितेचा प्रयोग मिळाला तर जरूर पाहा आणि मॅगीबद्दल मला पुन्हा लिहा.